मूक नगरांचा बंधू : रुड्यार्ड किपलिंग

रुड्यार्ड किपलिंग हे नाव आमच्या शाळेतील बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक आहे ते मोगलीमुळे. लांडग्यांच्या कळपात वाढलेला तो मुलगा, बल्लू अस्वल, बगीरा नावाचा काळा बिबट्या आणि शेरखान वाघ ही सारी मंडळी मराठी घरांतून केव्हाच आपलीशी होऊन गेली आहेत. ज्यांचे वाचन थोडे पुढे गेले आहे त्यांस किपलिंग हा ब्रिटिश साम्राज्याचा कडवा अभिमानी म्हणूनही परिचित असतो. हे दोन्ही परिचय खरे आहेत. परंतु त्याच्या आयुष्याचा उत्तरार्ध एका तिसऱ्याच कामात गेला, आणि त्याची वार्ता आमच्याकडे फारशी पोहोचलेली नाही. रणांगणावर पडलेल्या लक्षावधी सैनिकांपैकी एकाचेही नाव हरवू नये म्हणून हा मनुष्य अठरा वर्षे झटला. त्या कामात त्याला एका बंधुसंघाची साथ होती. त्या कामास एका पित्याच्या दुःखाची धार होती, आणि त्याच कामात अन्यायाचा एक काळा डागही होता. या तिन्ही गोष्टी विद्यार्थ्यांपुढे ठेवाव्यात या हेतूने आम्ही हे चरित्र लिहीत आहोत.

दिवंगतांचे स्मरण दगडात कोरून ठेवण्याची चाल आम्हांस नवी नाही. मराठी मुलखात गावोगावच्या देवळांपाशी वीरगळ उभे आहेत. गुजरातेत वेशीवर शेंदूर माखलेले पाळिये दिसतात. आमच्या बडोदे शहरात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी गायकवाड घराण्यातील दिवंगतांसाठी उभारलेले कीर्तिमंदिर सर्वांच्या परिचयाचे आहे. तेव्हा मृतांचे ऋण म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस निराळे समजावून सांगावयास नको.

किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईस झाला. त्याचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग हे सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत शिल्पकलेचे अध्यापक होते. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजेच महात्मा जोतिबा फुले मंडईच्या प्रवेशद्वारांवर जी उठावाची शिल्पे आहेत, ती त्यांच्याच हातची. कलाशाळेच्या आवारात हे बाळ वाढले. त्याला सांभाळावयास एक पोर्तुगीज ख्रिस्ती आया होती आणि मीता नावाचा एक हिंदू गडी होता. या दोघांच्या तोंडून त्याने येथील बोली ऐकली, गाणी ऐकली, गोष्टी ऐकल्या. आईबापांपुढे गेल्यावर त्याला इंग्रजी बोलण्याची आठवण करून द्यावी लागे. कारण त्याचा विचार चाले तो देशी भाषेत. मोठेपणी आपल्या आत्मवृत्तात त्याने ही हकीकत मोठ्या मायेने नमूद केली आहे.

हे सुख पाच-सहा वर्षेच टिकले. तत्कालीन साहेबलोकांच्या प्रघाताप्रमाणे १८७१ साली त्याला व त्याच्या धाकट्या बहिणीला शिक्षणासाठी इंग्लंडात एका परक्या कुटुंबात ठेवण्यात आले. तेथील बाईने त्या मुलाचा फार छळ केला. त्याची दृष्टी मंद झाल्याचेही कोणाच्या वेळीच लक्षात आले नाही. पुढे १८७८ साली तो ज्या शाळेत दाखल झाला ती मुख्यत्वे लष्करी अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी होती. त्याचे सोबती सेनेत जाणार होते. जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या किपलिंगला तो मार्ग बंद होता. सैनिक होता न आल्याचे हे शल्य ध्यानात ठेवावे. पुढील एका दुःखद घटनेचे मूळ आम्हांस येथे दिसते.

१८८२ साली वयाच्या सतराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर तो पुन्हा हिंदुस्थानात आला. वडील तोवर लाहोरच्या मेयो कलाशाळेचे प्राचार्य व तेथील संग्रहालयाचे प्रमुख झाले होते. लाहोरच्याच एका इंग्रजी वृत्तपत्रात किपलिंग उपसंपादक म्हणून रुजू झाला. दिवसभर छापखान्यातील उष्म्यात राबावे आणि रात्री शहराच्या गल्ल्यांतून हिंडावे, असा त्याचा क्रम असे. छावणीतील साधे गोरे शिपाई त्याचे मित्र बनले. कवायत, ज्वर, एकांत आणि मरण यांनी वेढलेले त्यांचे जीवन त्याने जवळून पाहिले व कथाकवितांतून मांडले.

याच काळात, एप्रिल १८८६ मध्ये, तो लाहोरच्या 'होप अँड पर्सिव्हरन्स' या फ्रीमेसन लॉजचा सभासद झाला. येथे फ्रीमेसन म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. हा एक जुना बंधुसंघ आहे. पूर्वीच्या युरोपातील पाथरवट व गवंडी यांच्या संघांवरून त्याने आपले नाव आणि चिन्हे घेतली. गुण्या, ओळंबा, कंपास ही गवंड्याची हत्यारे तेथे सदाचरणाची प्रतीके मानली जातात. १७१७ साली लंडनमधील चार शाखा एकत्र येऊन या संघाची पहिली मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. प्रत्येक शाखेस 'लॉज' म्हणतात. ईश्वरावर श्रद्धा असावी, मग तो कोणत्याही धर्माचा असो. आणि लॉजच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकल्यावर सर्व सभासदांनी परस्परांस बंधू मानावे, असा तेथील दंडक. मुंबई शहरात एतद्देशीयांसाठी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज १८४३ सालीच निघाली होती.

सभासद होण्यास वयाची एकवीस वर्षे पूर्ण व्हावी लागत. किपलिंग वीस वर्षांचाच होता. पण लॉजला चिटणीस हवा होता, म्हणून खास परवानगीने त्याला प्रवेश मिळाला. या लॉजची जी आठवण त्याने पुढे लिहून ठेवली ती अशी : त्याला प्रवेश देणारा ब्राह्मोसमाजी हिंदू होता, दुसऱ्या पायरीवर नेणारा मुसलमान, तिसऱ्या पायरीवर नेणारा इंग्रज, आणि दारावर पहारा देणारा हिंदी ज्यू होता. लाहोरच्या रस्त्यावर जे कधीच एका पंक्तीस बसले नसते, ते येथे एकमेकांशेजारी बसत. बाहेर मात्र गोऱ्यांचे क्लब निराळे, वस्त्या निराळ्या, आगगाडीचे डबेही निराळे! या विलक्षण अनुभवावर त्याने 'द मदर लॉज' ही कविता लिहिली, ती १८९६ साली पुस्तकरूपाने आली. आतील समता आणि बाहेरील विषमता यांतील अंतर त्याने जाणले होते. परंतु आतील समता बाहेर आणावी, हा विचार मात्र त्याला कधी शिवला नाही. हा विसंवाद त्याच्या आयुष्यभर टिकला.

१८८९ साली त्याने हिंदुस्थान सोडला. १८९१ च्या अखेरीस एकदा तो धावती भेट देऊन गेला. त्यानंतर पुन्हा कधीही येथे आला नाही. अमेरिकन पत्नीसह तो काही वर्षे अमेरिकेत राहिला. तेथे बांधलेल्या घराला त्याने 'नौलखा' असे नाव दिले. नवलखी वाव ज्यांच्या गावात आहे त्या बडोदेकरांस तो शब्द परका वाटणार नाही. याच घरात, बर्फाच्छादित प्रदेशात बसून, त्याने मध्य हिंदुस्थानातील अरण्याची कथा लिहिली. 'जंगल बुक' १८९४ साली व त्याचा दुसरा भाग १८९५ साली प्रसिद्ध झाला. १९०१ साली 'किम' ही कादंबरी आली. १९०७ साली त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. इंग्रजीत लिहिणाऱ्या साहित्यिकास मिळालेले ते पहिले नोबेल होय.

कीर्तीच्या या शिखरावर असतानाच त्याच्या घरावर पहिला आघात झाला. १८९९ साली सहा वर्षांची थोरली कन्या जोसेफिन फुप्फुसदाहाने गेली. धाकटी एल्सी व पुत्र जॉन ही दोघे राहिली.

किपलिंगच्या राजकीय मतांविषयी आम्हांस येथे आडपडदा ठेवावयाचा नाही. गोऱ्यांनी इतरांवर राज्य करणे हे त्यांचे कर्तव्यच आहे, अशी त्याची धारणा होती व ती त्याने उघडपणे मांडली. हिंदुस्थानच्या स्वराज्याच्या मागणीस त्याचा विरोध होता. १९१९ च्या जालियनवाला बागेतील हत्याकांडानंतर जनरल डायर याच्यासाठी इंग्लंडात निधी उभारला गेला, तेव्हा त्यासही त्याने वर्गणी दिली. हिंदी माणसे, हिंदी भाषा, हिंदी रस्ते यांवर त्याचे प्रेम होते. हिंदी माणसाच्या हक्कावर नव्हते. हे विसरून त्याचे चरित्र लिहिता येणार नाही, आणि एवढेच लिहून थांबताही येणार नाही.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले. जॉन तेव्हा सतरा वर्षांचाही नव्हता. पित्याची मंद दृष्टी त्याच्याकडे वारशाने आली होती. आरमाराचा मार्ग त्यापायी आधीच बंद झाला होता. सेनेनेही त्याला नाकारले. अशा वेळी बहुतेक बापांनी ईश्वराचे आभार मानले असते. किपलिंगने मात्र आपले जुने स्नेही फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांच्याकडे शब्द टाकला. ते आयरिश गार्ड्स या पलटणीचे मानद कर्नल होते. त्यांच्या वजनाने जॉनला त्या पलटणीत अधिकारपद मिळाले. स्वतःला जे लाभले नाही ते मुलास लाभावे, ही इच्छा बापाच्या हृदयात प्रबळ झाली असेल. शिवाय देशातील तरुणांस रणात येण्याचे आवाहन तो लेखणीने व वाणीने करीत होता. अशा माणसाने आपल्या मुलास घरी ठेवणे त्याच्या मानी स्वभावास रुचणारेही नव्हते.

वयाची अठरा वर्षे पूर्ण होताच, ऑगस्ट १९१५ मध्ये, जॉन फ्रान्सला गेला. २७ सप्टेंबर रोजी लूसच्या लढाईत त्याची पलटण पुढे सरसावली. संध्याकाळी मोजदाद झाली तेव्हा तो परत आलेल्यांत नव्हता, मृतांत नव्हता आणि जखमींतही नव्हता. बेपत्ता, एवढीच नोंद झाली. किपलिंग पतिपत्नींनी रुग्णालये पालथी घातली, पलटणीतून वाचलेल्या शिपायांस एकेक करून विचारले, तटस्थ राष्ट्रांच्या वकिलातींमार्फत शत्रूकडे चौकशी केली. मुलाचा देह त्यांना कधीच सापडला नाही. मरण आले हे कळले तर मनुष्य रडून मोकळा होतो. पण दाराकडे कान लावून वर्षे काढणाऱ्या आईबापांची दशा काय सांगावी!

या दुःखाने किपलिंग मोडला नाही, त्याने त्यास कामास लावले. १९१७ च्या मे महिन्यात फेबियन वेअर नावाच्या दूरदर्शी गृहस्थाच्या प्रयत्नाने साम्राज्य युद्धसमाधी आयोग स्थापन झाला. साम्राज्याच्या सेनांतील सुमारे अकरा लक्ष माणसे या युद्धात पडली. त्यांच्या समाध्या बांधणे, ज्यांचे देह मिळाले नाहीत त्यांची नावे स्मारकांवर कोरणे, आणि या साऱ्यांची निगा कायम राखणे हे या आयोगाचे कार्य. किपलिंग त्याच वर्षी त्याचा सभासद झाला आणि मरेपर्यंत राहिला. शब्दांशी संबंध असलेले जवळजवळ सर्व काम त्याच्याकडे आले.

या आयोगाने जे तत्त्व स्वीकारले ते त्या काळी क्रांतिकारकच होते. पूर्वीच्या युद्धांत सेनापतींना संगमरवरी स्मारके मिळत आणि साधे शिपाई सामुदायिक खड्ड्यांत नाहीसे होत. आता ठरले असे की, उमरावाचा मुलगा असो की खाणकामगाराचा, सेनापती असो की शिपाई, प्रत्येकाचा दगड एकाच मापाचा व एकाच घडणीचा असेल. पैसे आहेत म्हणून कोणासही देह मायदेशी नेता येणार नाही. श्रीमंत घराण्यांनी यावर गिल्ला केला. मातांनी याचना केल्या. १९२० च्या मे महिन्यात ब्रिटिश संसदेत त्यावर मोठी चर्चा झाली, आणि तेथे किपलिंगचे पत्र वाचून दाखविण्यात आले. ज्यांच्या मुलाची कबर ठाऊक आहे ते किती भाग्यवान आहेत याची त्यांना कल्पना नाही, असा त्याचा आशय होता. ज्याला मुलाची चार हात भूमीही लाभली नाही त्याने हे सांगितल्यावर प्रतिवाद करणे कठीण होते. समानतेचे तत्त्व टिकले.

प्रत्येक मोठ्या समाधिस्थानात वास्तुविशारद ल्युटेन्स यांनी आखलेली एक भव्य शिला आहे. दिल्लीचे इंडिया गेट उभारणारे ते हेच ल्युटेन्स. त्या शिलेवर कोरावयाचे वाक्य किपलिंगने प्राचीन धर्मग्रंथातून निवडले. मृतांचे नाव युगानुयुगे राहील, असा त्याचा अर्थ. ज्यांची ओळख पटली नाही त्यांच्या दगडावर काय लिहावे, हा प्रश्न याहून बिकट होता. नाव नाही, गाव नाही, मग लिहावयाचे काय? किपलिंगने सुचविलेल्या शब्दांचा भाव एवढाच, की हा सैनिक कोण हे देवास ठाऊक आहे. हजारो अनाम दगडांवर ते शब्द कोरले गेले. ते सुचविताना त्या दगडांपैकी एखादा आपल्या जॉनचाच असेल, हा विचार त्याच्या मनात आला नसेल असे कोण म्हणेल?

येथेच त्याच्या लाहोरच्या बंधुसंघाची कथा पुन्हा या कार्यास येऊन मिळते. समाधिस्थाने बांधणाऱ्या व राखणाऱ्या मंडळींत पुष्कळ फ्रीमेसन होते. माळी, गवंडी, शिलालेखक, कारकून अशी ही माणसे फ्रान्समधील उद्ध्वस्त मुलखात, घरापासून दूर, मृतांच्या सहवासात दिवस काढीत होती. १९२२ साली त्यांनी तेथे आपली लॉज स्थापन केली आणि किपलिंगने तिला 'बिल्डर्स ऑफ द सायलेंट सिटीज', म्हणजे मूक नगरांचे शिल्पकार, असे नाव सुचविले. त्याच नावाची लॉज १९२७ साली लंडनमध्येही निघाली. किती समर्पक नाव! जेथे रस्ते आहेत, फुलझाडे आहेत, ओळीने घरांसारखे दगड आहेत, पण एकही आवाज नाही, ती मूक नगरेच होत. गवंड्यांची हत्यारे ज्या संघाने शतकानुशतके केवळ प्रतीके म्हणून जपली, त्याच्या सभासदांच्या हाती येथे खराखुरा गुण्या आणि ओळंबा आला.

याच सुमारास लंडनच्या मध्यवर्ती संस्थेने युद्धात पडलेल्या आपल्या बंधूंसाठी भव्य स्मारकमंदिर बांधावयास घेतले. १९२७ साली त्याची पायाभरणी झाली व १९३३ साली ते पुरे झाले. त्या वेळी संघाचे प्रमुख होते ड्यूक ऑफ कॅनॉट. पूर्वी मुंबई इलाख्याच्या सेनेचे सरसेनापती म्हणून ते आमच्याकडेही राहून गेले होते. युद्धात कामी आलेल्या ३,२२५ बंधूंची नावे त्या मंदिरातील स्मृतिमंजूषेत जतन केलेली आहेत.

किपलिंगच्या लेखनातही हा विषय शिरला. १९१८ साली त्याने लंडनमधील एका काल्पनिक लॉजची गोष्ट लिहिली. तिचा चालक एक तंबाखूविक्रेता आहे आणि त्याचा मुलगा युद्धात पडला आहे. रजेवर आलेले, हातपाय गमावलेले, भेदरलेले सैनिक बंधू तेथे येतात; त्यांना जेवण मिळते, ऊब मिळते, आणि दोन घटका कोणीतरी आपला हात धरणारे आहे असा दिलासा मिळतो. पुढे एका समाधिस्थानास भेट दिल्यावर त्याने 'द गार्डनर' ही कथा लिहिली. तीत एक स्त्री आपल्या माणसाची समाधी शोधीत हजारो दगडांमधून फिरते. १९२३ साली त्याने आयरिश गार्ड्स पलटणीचा दोन खंडांचा इतिहास पूर्ण केला. शेकडो शिपायांची हकीकत त्याने बारकाईने नोंदवली, पण स्वतःच्या मुलाच्या वाट्यास त्याने मोजके शब्दच दिले. इतर बापांच्या मुलांपेक्षा आपल्या मुलास एक ओळही अधिक देऊ नये, असा तो संयम होता. समान दगडांचे तत्त्व त्याने आपल्या लेखणीसही लावले होते, असेच आम्हांस वाटते.

आता आमच्या देशबांधवांकडे वळू. त्या महायुद्धात हिंदुस्थानचे दहा लाखांहून अधिक लोक समुद्रापार गेले आणि सुमारे चौऱ्याहत्तर हजार परतले नाहीत. फ्रान्समधील न्यव्ह-शापेल येथे त्यांच्यासाठी स्वतंत्र स्मारक उभारण्यात आले. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी त्याचे अनावरण झाले, तेव्हा हिंदी शिपायांबरोबर किपलिंगही उपस्थित होता. तेथे ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे दगडावर आहेत. लॉजमधील जी समता त्याने तरुणपणी पाहिली होती, तिचे प्रतिबिंब येथे पडले असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु सर्वत्र असे घडले नाही. मराठी सैनिकांची खरी रणभूमी फ्रान्स नसून मेसोपोटेमिया, म्हणजे आजचे इराक, ही होती. कोकण, सातारा, कोल्हापूर, पुणे या भागांतून भरती झालेल्या १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी तेथे लढल्या. टायग्रिस नदीकाठच्या कुत गावात ७ डिसेंबर १९१५ पासून त्यांना तुर्की फौजांनी वेढले. अन्न संपले, घोडे मारून खाण्याची पाळी आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करावी लागली. वेढ्यात किती तरी मेले. कैदेतील पायपिटीत आणखी कितीतरी. कृष्णा-कोयनेच्या काठचा मुलगा टायग्रिसच्या वाळूत नाहीसा झाला.

या रणभूमीवर समाधी न लाभलेल्यांसाठी १९२९ साली बसरा येथे स्मारक उभे राहिले. चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचे ते स्मारक होय. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. पण साध्या हिंदी शिपायांची नावे कोरलीच नाहीत. पलटणीचे नाव आणि त्यापुढे मृतांची संख्या, एवढेच त्यांच्या वाट्यास आले. पूर्व आफ्रिकेतही असेच घडले. प्रत्येकास समान दगड, प्रत्येकाचे नाव अमर, असे ज्या आयोगाचे ब्रीद, त्यानेच युरोपाबाहेर पाऊल टाकताच ब्रीद गुंडाळून ठेवले. उमराव आणि खाणकामगार यांतील भेद ज्यांनी मिटविला, त्यांना गोरा आणि काळा हा भेद मिटविता आला नाही. यास एकटा किपलिंग जबाबदार नव्हता. पण तो त्या आयोगाचा सभासद होता, आणि शब्दांचे काम त्याचे होते. लॉजच्या दारात सोडलेली समता बाहेर नेण्याचे राहूनच गेले, त्याचे हे फळ होय.

किपलिंगची अखेरची वर्षे आजारात गेली. पोटाच्या व्यथेने त्याला ग्रासले होते. तरीही दरवर्षी प्रवास करून तो समाधिस्थाने पाही, माळ्यांशी बोले, दगडांवरील अक्षरे तपाशी. १९३० साली लूस येथील स्मारकाचे अनावरण झाले. तेथे बेपत्ता सैनिकांच्या नावांत जॉनचेही नाव होते. त्या स्मारकापाशी रोज सायंकाळी बिगूल वाजावा म्हणून किपलिंगने स्वतः पैशाची व्यवस्था केली आणि दुसरे महायुद्ध तेथे येऊन थडकेपर्यंत तो बिगूल वाजत राहिला. १८ जानेवारी १९३६ रोजी लंडनमध्ये किपलिंगचा अंत झाला. त्याची रक्षा वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये कवींच्या कोपऱ्यात ठेवली आहे. आपला मुलगा कोठे पडला हे न कळताच तो गेला. १९९२ साली आयोगाने एका अनाम लेफ्टनंटची समाधी जॉनची म्हणून निश्चित केली व दगडावर त्याचे नाव कोरले. त्या निर्णयावर अभ्यासकांत पुढे बराच वाद झाला.

आणि बसऱ्याच्या त्या संख्यांचे काय झाले? त्यांचीही दाद लागली, पण फार उशिरा. २०२१ च्या एप्रिलमध्ये आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धातील निदान १,१६,००० आफ्रिकी, हिंदी व मध्यपूर्वेतील मृतांचे नावाने स्मरण झाले नाही किंवा मुळीच झाले नाही, आणि हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही असू शकेल, असे त्यात मान्य करण्यात आले. आयोगाने व ब्रिटिश सरकारने त्याबद्दल क्षमा मागितली. शंभर वर्षांनी मागितलेली क्षमा मृतांच्या आईबापांपर्यंत पोहोचत नाही. तथापि सत्य मान्य झाले, हेही थोडके नव्हे.

मग या चरित्रातून आम्ही काय घ्यावे? बंधुत्व हा शब्द उच्चारणे सोपे असते. चार भिंतींच्या आत, एका पंक्तीत बसून, तो पाळणेही फार अवघड नसते. त्याची खरी कसोटी लागते ती भिंतींच्या बाहेर, आणि तीही आपल्याहून दुर्बल असलेल्या माणसाचे नाव लिहिण्याची वेळ येते तेव्हा. किपलिंगने आपल्या दुःखातून हजारो परक्या बापांचे दुःख ओळखले, ही त्याची थोरवी. रत्नागिरीच्या बापाचे दुःख ओळखण्यापूर्वी त्याचा काळ आणि त्याचा वर्णाभिमान आडवा आला, ही त्याची मर्यादा. थोर माणसांचे गुण घ्यावेत आणि त्यांच्या उणिवा आपण पुऱ्या कराव्यात, हाच चरित्रवाचनाचा उपयोग.

सुटीत महाराष्ट्रातील आपल्या मूळ गावी जाणाऱ्या विद्यार्थ्यांस आमची एक सूचना आहे. अनेक गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवराची एक लहान पाटी बसविलेली आढळते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून किती माणसे गेली आणि त्यांपैकी किती कामी आली, एवढाच मजकूर तीवर असतो. तेथेही संख्याच आहे, नावे नाहीत. गावातील वृद्धांस विचारावे, जुनी कागदपत्रे पाहावीत, घराघरांत जपलेली पदके व पत्रे शोधावीत आणि त्या संख्येमागील नावे वहीत उतरवून घ्यावीत. त्यास लॉजचे सभासदत्व लागत नाही, गुण्या-ओळंबा लागत नाही. एक वही आणि एक पेन्सील पुरते. ज्या शिपायाचे नाव दगडास मिळाले नाही, ते निदान त्याच्या गावच्या मुलास ठाऊक असावे.